डागमास्तरची निळी चिठ्ठी

माझं काम लॉन्ड्रीच्या काउंटरवर बसायचं. कपडे घ्यायचे, चिठ्ठ्या टाचायच्या आणि एखादं बटण तुटलं की लोकांची बोलणी खायची. बत्तीस वर्षं हेच. मी कोणाची काकू नाही, पण मालकापासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे मला काकू म्हणतात. सुरुवातीला राग यायचा, आता तोही येत नाही. कोणाकोणाचं तोंड धरणार?

ज्याच्याबद्दल सांगणार आहे तो आमचा डागमास्तर. धुणारे वेगळे, इस्त्रीवाले वेगळे. याच्याकडे फक्त ते कपडे जायचे ज्यांच्यावर काहीतरी सांडलेलं किंवा घासलेलं असायचं. मागच्या खोलीत त्याचं उंच टेबल, वाफेची नळी, मऊ ब्रश, हाडाची चपटी पट्टी आणि भिंतीला लागून बाटल्यांची रांग. टेबलाच्या वर पांढरी ट्यूब. बाकी सगळ्या दुकानात पिवळे दिवे, कारण पिवळ्या उजेडात जुने कपडेही नवे दिसतात असं मालकाचं ठाम मत. पांढरा उजेड मागायला मास्तर एकदाच मालकाकडे गेला होता, आणि फक्त स्वतःच्या टेबलापुरता मागून आला.

माणूस तसा मुखदुर्बळ. पण डागापुढे उभा राहिला की त्याच्यासारखा आगाऊ कोणी नाही. कपडा उलटा करायचा, मागून बघायचा, नखाने हलकं खरवडायचा, नाकाशी न्यायचा आणि सांगून मोकळा व्हायचा. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, शाई. मास्तर म्हणाला, बीट. गिऱ्हाइकाने माझ्या काउंटरवर हात आपटून भांडण केलं, घरी गेलं, आणि संध्याकाळी बायकोला विचारून खाली मान घालून परत आलं. मी त्या दिवशी मुद्दाम त्याला पावती देताना बीट असं मोठ्याने वाचून दाखवलं. अशी संधी रोज येत नाही.

त्याच्या कामाचे नियम त्याने मलाही पाठ करायला लावले होते. डाग वाळू द्यायचा नाही, ताजा असतानाच त्याच्यामागे लागायचं. पण ओळखल्याशिवाय त्याला साधं पाणीही लावायचं नाही, कारण चुकीच्या पाण्याने डाग कायमचा बसतो. आणि ओळखताच आला नाही, तर कपड्याला निळी चिठ्ठी टाचायची, त्यावर ‘माहीत नाही’ असं लिहायचं आणि कपडा काउंटरवर परत पाठवायचा. मग मी गिऱ्हाइकाला विचारायचं. निळ्या चिठ्ठ्यांचं पुडकं माझ्या खणात होतं. एकोणीस वर्षांत त्याने त्यातली एकही मागितली नव्हती. पुडक्याच्या वरच्या चिठ्ठीचा रंगही उडाला होता.

त्याला खोकला लागला तेव्हा आम्ही सगळ्यांनी बाटल्यांच्या वासावर खापर फोडलं. त्यानेही. सकाळी आल्या आल्या तो एका छोट्या तसराळ्यात थंड पाणी घ्यायचा, खिशातला रुमाल त्यात बुडवायचा, दोन मिनिटं काहीतरी करायचा आणि पांढराशुभ्र रुमाल तारेवर टाकायचा. रोज. मी म्हटलं, “काय रे, नवरदेव निघालाय का कुठे? रोज ताजा रुमाल!” तो हसला आणि खोकला. हे दोन-अडीच महिने चाललं. शेवटी तो टेबलाशी उभ्या उभ्या खाली बसला, तेव्हा मालकाने त्याला तपासायला हाकललं. क्षयरोग निघाला.

मग घरातल्यांची तपासणी झाली. त्याची बायको बेकरीत कामाला, पहाटे पाचला जाते ती संध्याकाळी सहाला येते. तिला काही नव्हतं. आम्हाला कोणालाच काही नव्हतं. त्याच्या सहा वर्षांच्या मुलीला होतं. तिचं वजन वाढत नव्हतं, मानेत गाठ होती, आणि छातीच्या फोटोत डाग होता. त्यावर दुकानातल्या सगळ्यांना एकच विनोद सुचला. तो मी कोणाला तोंडाबाहेर काढू दिला नाही.

मुलीला तो ठिपकी म्हणायचा. आम्हीही तेच म्हणायला लागलो.

सहा महिने गोळ्या. एक दिवसही चुकवायची नाही. आरोग्य केंद्रात गोळ्या देणाऱ्या बाई होत्या, त्यांना सगळे गोळीताई म्हणायचे. त्यांनी नीट समजावून सांगितलं होतं. तीन गोळ्या थोड्या पाण्यात विरघळवायच्या आणि सकाळी पाजायच्या. लघवी केशरी होईल, घामही, कधी डोळ्यांतलं पाणीही. घाबरायचं नाही, तो गोळीचा रंग. मळमळेल, पोट दुखेल, भूक मरेल. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर गोळी पुन्हा द्यायची. अर्ध्या तासानंतर झाली तर नाही. आणि उलट्या थांबतच नसतील, डोळे पिवळे दिसले, तर गोळ्या देऊ नका, तडक इकडे या. मास्तरने सगळं मान हलवून ऐकलं. त्याच्या स्वतःच्या गोळ्या तिच्या आधी महिनाभर सुरू झाल्या होत्या, त्यामुळे त्याला वाटत होतं की हा अभ्यास त्याचा झालेला आहे.

बायको पहाटेच जायची, म्हणून ठिपकीला घेऊन तो साडेसातला दुकानात यायचा. आम्ही शटर नऊला उघडतो. मागच्या खोलीत वासामुळे तिला मनाई होती, म्हणून सगळा कारभार माझ्या काउंटरवर. तो काचेच्या छोट्या पेल्यात गोळ्या टाकायचा, चमच्याच्या मागच्या बाजूने ढवळायचा. त्याला खोटा गोड फळाचा वास यायचा. ठिपकी दोन्ही हातांनी पेला धरायची, डोळे मिटायची आणि प्यायची. रडायची नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पहिले तीन दिवस पिऊन पाच मिनिटांत सगळं बाहेर. माझ्या काउंटरवर, गिऱ्हाइकाच्या कोटावर, तिच्या फ्रॉकवर. मास्तर पुन्हा पेला भरायचा. दुसरा पेला पिताना तिचे ओठ थरथरायचे आणि मला दुसरीकडे बघायला लागायचं. घरी रात्री बायको म्हणाली, “एवढं सगळं ओकून टाकते पोर, मग काय उपयोग? बंद करा त्या गोळ्या. नाहीतर मी करते.” हे त्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, पट्टी पुसत पुसत. “बंद केल्या तर ती जाईल, काकू,” तो म्हणाला. “माझ्यामुळे जाईल.” इतकं सरळ वाक्य मी त्याच्या तोंडून आधी कधी ऐकलं नव्हतं.

चौथ्या दिवशी त्याने शिकाऊंची पेटी आणली. नव्या माणसाला शिकवायला त्याने कापडांचे तुकडे जमवले होते, प्रत्येकावर एक डाग. गंज, गवत, मेण, तेल, लिपस्टिक, चिखल, दूध. ठिपकीने पेला रिकामा केला की तो तिच्यासमोर एक तुकडा ठेवायचा आणि विचारायचा, “हा कशाचा?”

तिने अंदाज करायचा, त्याने हो-नाही म्हणायचं. मग दुसरा. मग तिसरा. डोळे कापडावर, लक्ष कापडावर, आणि माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळावर. पहिल्या दिवशी सतरा मिनिटं टिकली. मग बावीस. आठवड्याने तिने अर्धा तास गाठला आणि मी टाळ्या वाजवल्या. एकतिसाव्या मिनिटाला ती ओकली. मास्तरने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, “झालं. आता पुन्हा नाही प्यायचं.” त्याच्या चेहऱ्यावर मी तसं हसू नंतर पाहिलं नाही.

इथून पुढे आमचं सगळ्यांचं लक्ष फक्त त्या अर्ध्या तासावर. आतली उलटी म्हणजे संकट. नंतरची म्हणजे कपडा. कपड्याचं काय करायचं ते आमच्याहून जास्त कोणाला कळणार? ती ओकली की तो तिचा फ्रॉक उतरवायचा, सदरा घालायचा आणि फ्रॉक घेऊन आत जायचा. दहा मिनिटांत तो तारेवर, असा स्वच्छ की शोधूनही सापडू नये. संध्याकाळी बायको विचारायची, “आज किती?” तो म्हणायचा, “एकदा.” तीनदा झालेली असली तरी एकदा. पुरावा नव्हताच. तोच आकडा गोळीताईंच्या कार्डावर जायचा. मला हे माहीत होतं. मीही बोलले नाही, कारण मलाही तेच वाटत होतं, की आई घाबरली तर गोळ्या थांबतील. तोंडाला कुलूप लावायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

ठिपकी हुशार निघाली. महिन्याभरात ती मागच्या बाजूने बघून गंज आणि चिखल वेगळा सांगायला लागली. दूध वासावरून. एका गिऱ्हाईकबाईने टेबलक्लॉथ आणला तर ही काउंटरवर उकिडवी बसून म्हणाली, “मेण. आधी गोठवायचं, मग खरवडायचं.” बाई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, “नवीन मास्तरीणबाई आहेत.” तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं, पण तिचा रुबाब बघायला हवा होता.

पाचव्या आठवड्यापासून ती सुकायला लागली. शिजवलेला भात पुढे ठेवला की तोंड फिरवायची. आता सकाळचीच नाही, दुपारीही उलटी व्हायची, पोटात काही नसलं तरी. उजव्या बरगडीखाली हात धरून धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर पडून राहायची. मी मास्तरला म्हटलं, “अरे, हिला दाखव एकदा.” तो म्हणाला, “काकू, मलाही झालं होतं. दुसऱ्या आठवड्यात मला इतकं मळमळायचं की बाटल्या उघडवत नव्हत्या. मग गेलं. तिचं अंग लहान, तिला उशिरा जाईल.”

“आणि लघवी? चांगलीच गडद झालीय.”

“गोळीचा रंग. सांगितलंय ना ताईंनी.”

सांगितलं होतं खरं. मी पुन्हा चिठ्ठ्या टाचायला लागले. मला तेव्हा काय वाटत होतं ते आठवायचा मी पुष्कळदा प्रयत्न केला. काहीच वाटत नव्हतं. रोज तोच पेला, तेच घड्याळ, तेच पुसणं. काळजीसुद्धा सवयीची झाली होती.

तो दिवस बुधवार होता. साडेदहा वाजले होते, दुकान उघडलेलं, गिऱ्हाईक नव्हतं. ठिपकी गठ्ठ्यावर झोपली होती. मी चिठ्ठ्या कापत होते. ती उठली ते मला कळलं, पण मी मान वर केली नाही. झोपेत तिची चड्डी ओली झाली होती. सहा वर्षांची मुलगी, लाज वाटली असणार. एखादीने लपवली असती. हिने ती काढली, माझ्या टॉवेलने स्वतःला गुंडाळलं, आणि चड्डी हातात धरून सरळ मागच्या खोलीत गेली, जिथे तिला मनाई होती. मी तिच्या मागे धावले.

ती टेबलापाशी उभी होती. टेबल तिच्या हनुवटीइतकं उंच. तिने चड्डी वर ठेवली, उलटी केली, मागून दाखवली, तशीच जशी तो दाखवायचा.

“बाबा, हा कशाचा?”

मास्तरने बघितलं न बघितलं आणि त्याचा हात बाटलीकडे गेला. “गोळीचा. दे इकडे.”

“नाही,” ती म्हणाली. “गोळीचा केशरी असतो. कडेला जास्त, मधे कमी. हा चहासारखा आहे. सगळीकडे सारखा. पण मी तर चहा पीतच नाही.”

त्याचा हात बाटलीवरच राहिला. मग त्याने कपडा जवळ ओढला. वास घेतला. नखाने कड तपासली. मग त्याने खाली बघितलं, तिच्याकडे. ती पांढऱ्या ट्यूबच्या खाली तोंड वर करून उभी होती. सहा आठवड्यांत ती त्या उजेडात पहिल्यांदाच आली होती. तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा नव्हता. मीही पाहिलं. घरी पिवळा दिवा, दुकानात पिवळा दिवा. पहाटे अंधारात निघणारी आई आणि दिवे लागल्यावर परतणारी आई. वाटेत ती बापाच्या खांद्यावर तोंड खुपसून झोपलेली. कोणाला दिसणार होतं?

त्याने बाटली जागेवर ठेवली. तिचं झाकण लावलं. घाई अजिबात केली नाही, आणि तेच मला भयंकर वाटलं. तो काउंटरपाशी आला आणि म्हणाला, “काकू, निळी चिठ्ठी द्या.”

मी पुडकं काढलं, रंग उडालेली वरची बाजूला केली आणि खालची दिली. त्याने तारीख घातली, वेळ घातली आणि लिहिलं, माहीत नाही. चिठ्ठी टाचली. कपडा आम्ही धुतलेले कपडे देतो त्या कागदात गुंडाळला, न धुता. ठिपकीला उचललं. मी भर सकाळी शटर खाली ओढलं. मालकाला काय सांगायचं ते नंतर बघू असं ठरवलं. तो नंतर बोललाही भरपूर, आणि मी ऐकलंही.

इस्पितळात मुलांच्या डॉक्टरीणबाई होत्या, वयाने लहान, केस बांधायलाही वेळ न मिळालेल्या. मास्तरने पुडकं टेबलावर ठेवलं. त्यांनी आधी चिठ्ठी वाचली, मग कपडा पाहिला, मग ठिपकीचे डोळे खिडकीच्या उजेडात. पोटावर उजवीकडे हात ठेवला तशी ती कळवळली.

“कावीळ आहे,” त्या म्हणाल्या. “गोळ्यांनी यकृताला सूज आलीय. थोड्या मुलांना होतं असं. उलट्या कधीपासून वाढल्या?”

“दहा-बारा दिवस.”

“दिवसाला किती?”

“तीन. कधी चार.”

“कार्डावर तर रोज एक आहे.”

“एकच सांगितली.”

“शौचाचा रंग?”

“फिकट. खडूसारखा. चार दिवस.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “हे तुम्हाला वेगळं वाटलं नाही?”

“ते लगेच निघत होतं,” मास्तर म्हणाला.

त्यांनी सगळ्या गोळ्या त्या क्षणी बंद केल्या, रक्त घेतलं, सलाइन लावलं. मास्तरने विचारलं, “गोळ्या बंद म्हणजे तो आजार?” त्या म्हणाल्या, “आधी हिचं यकृत वाचवू. मग तो.” मग थोड्या थांबून म्हणाल्या, “आज आणलीत ते बरं केलंत. अजून आठवडाभर गोळ्या चालू राहिल्या असत्या तर मी काही सांगू शकले नसते.”

बायकोला मी बेकरीत निरोप पाठवला होता. ती आली तेव्हा कोपरापर्यंत पिठात. तिने मुलीचे डोळे पाहिले, डॉक्टरीणबाईंचं ऐकून घेतलं, मग बाहेर बाकावर आमच्याजवळ येऊन बसली. मला वाटलं आता ओरडेल. ओरडायला हवं होतं. ती पिठाच्या वाळलेल्या कपच्या हातावरून सोलत होती.

“दिवसाला चार,” ती म्हणाली. “आणि मला घरी एकही मळका कपडा दिसला नाही.”

तो तिच्या हातांकडे बघत होता.

“तुम्ही धूत होतात.”

“हो.”

समोरून एक ढकलगाडी गेली, परत आली. मग ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, “आणि तुमचे रुमाल?”

त्याने खिशावर हात ठेवला.

“तुम्ही खोकत होतात तेव्हा,” ती म्हणाली. “अडीच महिने खोकलात. मी रोज रुमाल बघायचे. स्वच्छ असायचे. म्हणून मी म्हणायचे, साधा खोकला आहे. म्हणून मी तिला तुमच्या कुशीत झोपू द्यायचे. त्यावर काही असायचं का?”

“असायचं.”

“रक्त?”

“थोडं. ते सोपं असतं. थंड पाणी लावलं की लगेच जातं.” तो त्याच आवाजात बोलत होता ज्या आवाजात तो मला शाई आणि बीट सांगायचा. “मला वाटलं, तुम्ही दोघी घाबराल.”

ती उठली आणि आत मुलीपाशी गेली. तो बाकावर राहिला. मी त्याच्याशेजारी. मला त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण माझ्या डोळ्यांसमोर ते तसराळं होतं. ते थंड पाणी मी रोज पाहिलं होतं. एक-दोनदा त्याचा रंग गुलाबी दिसला होता, आणि मी नवरदेवाचा विनोद केला होता. हे मी तेव्हा तिला सांगितलं नाही. त्यानंतरही नाही. त्यालाही नाही. आज लिहितेय.

सतरा दिवस ठिपकी तिथे होती. पहिला आठवडा ती बहुतेक झोपूनच. मास्तर सकाळी बसायचा, बायको संध्याकाळी, आणि दारात दोघं एकमेकांना ती काय प्यायली, काय खाल्लं, लघवीचा रंग कसा ते सांगायची. त्याशिवाय एक शब्द नाही. नवव्या दिवशी तिने अर्धा पाव दुधात बुडवून खाल्ला आणि तो पोटात राहिला. बायकोने मला दुकानात येऊन हे सांगितलं आणि माझ्याच काउंटरवर डोकं टेकून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला रडू आलं नाही. माझ्याकडे त्या दिवसांत काहीच येत नव्हतं.

डोळे पांढरे झाले, रक्ताचे आकडे खाली आले, मग गोळ्या पुन्हा सुरू केल्या. एकदम नाही. आधी एक औषध, काही दिवस वाट, पुन्हा रक्त, मग दुसरं. त्यातलं एक पुन्हा दिलंच नाही, बदल्यात मुदत वाढवली. सहा महिन्यांचे नऊ झाले. प्रत्येक नव्या औषधाच्या दिवशी आम्ही सगळे तिला उजेडात नेऊन तिचे डोळे बघायचो. उलटी व्हायची अधूनमधून, आता ती कार्डावर लिहिली जायची, वेळेसकट. आणि फ्रॉक धुतला जायचा नाही. घरच्या कपड्यांना मास्तरने हात लावायचा नाही असं बायकोने सांगितलं होतं. ओकलेला फ्रॉक तो चिठ्ठी टाचून, वेळ घालून, एका बादलीत ठेवायचा आणि संध्याकाळी तिच्यापुढे मांडायचा. ती बघायची, मग धुवायची. तिला आमच्यासारखं जमायचं नाही. फ्रॉकवर फिकट केशरी नकाशे राहायचे. ठिपकी तेच घालून दुकानात यायची. एकोणीस वर्षं कोटावरचा ठिपका न सोडणारा माणूस ते नकाशे रोज बघायचा.

मालकाने मात्र एक केलं. सगळ्या दुकानात पांढरे दिवे लावले. कोणी मागितले नव्हते. कपडे जुने दिसतात म्हणून अजून कुरकुरतो.

गेल्या महिन्यात तिच्या गोळ्या संपल्या. शेवटचा पेला तिने माझ्या काउंटरवर घेतला, हट्टाने, घरी नाही. आता ती सातची झाली आहे, अंग भरलं आहे, पुढचे दोन दात पडले आहेत. पेला ठेवून तिने घड्याळाकडे पाहिलं. मास्तरने सवयीने पेटी काढली. ती म्हणाली, “नको, ते सगळे मला येतात.” मग आम्ही तिघं काही न करता अर्धा तास बसलो. काही झालं नाही. आम्ही तरी बसलो.

अर्धा तास संपल्यावर तिने बापाच्या खिशात हात घातला आणि रुमाल काढला. हे ती इस्पितळातून आल्यापासून रोज सकाळी करते. मास्तरची औषधं केव्हाच संपली आहेत, थुंकी तीनदा तपासून झाली आहे, तो धडधाकट आहे. तिला ते पटत नाही. ती रुमाल उलगडते, दिव्याखाली धरते, उलटा करून मागून बघते, नाकाशी नेते. तोवर तो झडती द्यायला उभं केल्यासारखा हात सोडून उभा राहतो, आणि संपेपर्यंत श्वास घेत नाही.

“काही नाही,” ती म्हणाली. घडी घालून रुमाल परत दिला.

मला वाटलं, आजचं संपलं. मी शटरच्या किल्ल्या घेतल्या. पण ती माझ्याकडे वळली आणि हात पुढे केला.

“काकू, आणि तुमचा?”

हे तिने आधी कधी विचारलं नव्हतं. मास्तर खाली बघत होता. मी पर्स उघडली, माझा रुमाल काढला आणि तिच्या हातात दिला.